जीव माहेरी, मॅच सासरी

आदरणीय ताई,

माझं माहेर गोव्यात, पेडणे तालुक्यात. सासर खाडीच्या अलीकडे, सावंतवाडी तालुक्यात. मधे फक्त पाणी आणि राज्याची हद्द. दोन्ही गावांना फुटबॉलचं वेड आहे. भात कापून मळे मोकळे झाले की या दोन गावांची मॅच होते आणि त्या आठवड्यात गावात दुसरा विषय नसतो. येत्या रविवारी ती आमच्या देवळामागच्या मळ्यात आहे.

माझा दादा माहेरच्या टीमचा कोच, माझे मिस्टर इथल्या मंडळाचे सेक्रेटरी. मागच्या वर्षी शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मिळाली, माहेर जिंकलं आणि लाइनीवर मारामारी झाली. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. भाऊबीजेला दादा आला, ओवाळून घेतलं आणि पाणीही न पिता उठला. यंदा आमच्या मंडळाने पैसे देऊन गोव्यातली दोन मुलं आणली आहेत. त्यातला एक दादाच्याच हाताखाली शिकलेला, दादाला ते फार लागलंय. आमचा स्ट्रायकर घोटा मुरगळून बसलाय. सासऱ्यांना स्टेंट घातलेला आहे, तरी त्यांना लाइनीला खुर्ची टाकूनच मॅच बघायची आहे. दिराने पैज लावली आहे, किती रुपयांची ते सांगत नाही. माझा १३ वर्षांचा मुलगा बॉलबॉय आहे, तो रोज विचारतो, "आये, तू आमच्या बाजून काय मामाच्या?"

खरं सांगते, मी माहेरच्या मळ्यात गोलात उभी राहून खेळ शिकले. अजून मला तीच टीम जिंकावीशी वाटते. रात्री झोप लागत नाही. मी काय करू? त्या दिवशी मॅचला जाऊच नको का?

— एक वाचक, सावंतवाडी तालुका

*

प्रिय मैत्रिणी,

मॅचला जा. जी मुलगी भावाचे शॉट अडवत मोठी झाली, तिने वर्षातल्या सगळ्यात मोठ्या मॅचच्या दिवशी घरात बसायचं आणि मळ्यातून येणाऱ्या आरड्यावरून गोल कुणाचा झाला ते ओळखत राहायचं, हे मला अजिबात पटत नाही. शिवाय तू गेली नाहीस तर कुणाचं भांडण कमी होणार आहे? उलट दोन्हीकडची माणसं म्हणतील, बघा, तिला तोंड दाखवायला जागा उरली नाही.

आता बाजूचं. तू माहेरच्या टीमची आहेस आणि हे तुला पक्कं माहीत आहे. प्रश्न आहे तो उघड सांगायचं की नाही एवढाच. सांग. आधी नवऱ्याला, मग मुलाला, आणि तेही रविवार उजाडायच्या आत, घरात, जेवणं झाल्यावर. लपवून काही उपयोग नाही. माहेरचा विंगर लाइन धरून सुटला की तुझे पाय बसल्या जागी हलणार आणि ते शेजारी बसलेल्या जावेला सगळ्यांत आधी दिसणार. मग सांगून ठेवलं असतं तर जे साधं वाटलं असतं, ते चोरी पकडल्यासारखं होऊन बसेल. नवऱ्याला आश्चर्य वाटेल असं मला वाटत नाही. तुझ्याबरोबर इतकी वर्षं राहिलेल्या माणसाला हे केव्हाच कळलेलं असणार. त्याला भीती असेल ती वेगळीच. मंडळाच्या सेक्रेटरीची बायको समोरच्या गोलवर नाचली तर गावात काय म्हणतील, ही. त्याबद्दल त्याच्याशी ठरवून घे. तू माहेरच्या घोळक्यात जाऊन बसणार नाहीस, घरच्यांबरोबरच बसशील, माहेरचा गोल झाला तर टाळी वाजवशील आणि कुणाला चिडवणार नाहीस. एवढं तो मान्य करील, आणि त्याने करायलाच हवं.

२०१६ च्या युरो स्पर्धेत फ्रान्समधल्या लाँस शहरात स्वित्झर्लंड आणि अल्बानिया यांची मॅच झाली. स्वित्झर्लंडकडून ग्रानित झाका खेळत होता, अल्बानियाकडून त्याचा थोरला भाऊ ताउलांत. त्यांची आई गॅलरीत बसली होती ती अर्धा एका झेंड्याचा, अर्धा दुसऱ्या झेंड्याचा टी-शर्ट घालून. तो फोटो जगभर फिरला. स्वित्झर्लंडने मॅच १-० अशी जिंकली. तुला कुणीतरी हे उदाहरण देईल, दोन्ही बाजूंची हो म्हणून सल्ला देईल. माझा तो सल्ला नाही. त्या आईचे दोन्ही मुलगे मैदानात होते, तिचं मन खरोखरच दोन्हीकडे होतं. तुझं तसं नाही, आणि नसलेलं दाखवायची गरजही नाही. तुझा मुलगा अजून लाइनीबाहेर बॉल आणून देतोय. तो जर्सी घालून मळ्यात उतरेल त्या दिवशी तुझं मन कुठे जाईल ते मला आत्ताच सांगता येतं, तुलाही येत असेल. ते तेव्हा बघू.

मुलाला सांग, "मी मामाच्या टीमची, कारण मी तिथे खेळायला शिकले. तू तुझ्या गावाचा. तुमच्या पोरांनी चांगला गोल घातला तर मी टाळी वाजवीन." आणि त्यांनी चांगला गोल घातला तर खरंच वाजव. १३ वर्षांच्या पोराला आई कुठल्या टीमची यापेक्षा ती आपल्याशी खरं बोलते का, हे जास्त लागतं. तो रोज विचारतोय त्याचं कारणही तेच असावं. तुझ्या गप्प बसण्यात काहीतरी आहे हे त्याला जाणवलंय.

दादा आणि मिस्टर यांच्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण झोप तुझी त्यापायी उडाली आहे. स्कोअर काहीही झाला तरी तू सोमवारी उठून कामाला जाशील. पण पुढच्या भाऊबीजेला दादा पुन्हा पाणी न पिता उठला तर ते तू सहन करू शकणार नाहीस.

एक कर. दोघांना समेटासाठी समोरासमोर बसवू नकोस. आपल्याकडच्या पुरुषांना "झालं गेलं विसरा आणि हात मिळवा" म्हणून एका बाकावर बसवलं की ते हात मिळवतात आणि आणखी वर्षभर बोलत नाहीत. त्यांना एकत्र काम दे. मॅचच्या आधी ठरवायच्या गोष्टी पुष्कळ आहेत. रेफरी कोण, मॅच किती वाजता, पाहुण्या टीमने कपडे कुठे बदलायचे, होड्या किती, लाइनीबाहेर दोर बांधायचा तर कुठून. यजमान मंडळाच्या सेक्रेटरीने पाहुण्या टीमच्या कोचला फोन करून हे विचारणं ही रीतच आहे. त्यात कुणाला कमीपणा नाही आणि मागच्या वर्षीचा विषय काढायची गरज नाही. मिस्टरांना सांग, फोन तुम्ही करा. निरोप्याचं काम तू करू नकोस. "दादा असं म्हणाला", "हे असं म्हणाले" अशी ये-जा सुरू झाली की शब्द वाटेत बदलतात आणि दोष मधल्या बाईवर येतो. पहिला फोन कोरडा होईल, एखाद मिनिटात संपेल. चालेल. रेफरीवरून दुसरा करावा लागेल, होड्यांवरून तिसरा. रविवारपर्यंत ते दोघं एकमेकांचा आवाज ऐकून घेऊ लागतील. मॅचच्या आधी एवढं झालं तर खूप झालं. मॅचनंतर ते जमणार नाही, कारण तोवर एक जण जिंकलेला असेल आणि एक हरलेला.

आणि भाऊबीजेचं तू स्वतः दादाला बोल. मिस्टरांच्या वतीने बोलू नकोस, स्वतःचं म्हणून बोल. "ताटापुढून पाणी न पिता उठलास, ते मला लागलं." एवढंच. त्याचं भांडण मंडळाशी होतं, शिक्षा बहिणीला मिळाली. हे त्याला कुणी सांगितलेलं नसणार. कोच माणूस आहे, पोरांना दिवसभर चुका दाखवतो, त्याची त्याला कुणीतरी दाखवायला हवी.

तुमच्यासारखी घरं जगात इतरत्रही आहेत. लिव्हरपूल शहरात १८९२ पर्यंत ॲनफिल्डच्या मैदानावर एव्हर्टन खेळत होतं. मैदानाच्या भाड्यावरून आणि कारभारावरून मालकाशी बिनसलं, एव्हर्टन उठून स्टॅनली पार्कच्या पलीकडे गुडिसन पार्कला गेलं आणि रिकाम्या ॲनफिल्डसाठी मालकाने नवा क्लब काढला, तोच आजचा लिव्हरपूल. म्हणजे भांडणातूनच जन्मलेली जोडी. तेव्हापासून एकाच घरात बाप निळा म्हणजे एव्हर्टनचा, मुलगा लाल म्हणजे लिव्हरपूलचा अशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. १९८९ च्या एप्रिलमध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलच्या प्रेक्षकांची चेंगराचेंगरी झाली, त्यात गेलेल्यांची संख्या आज ९७ धरली जाते. त्या दिवसांत शहरातल्या लोकांनी लाल आणि निळे स्कार्फ एकमेकांना बांधत गुडिसनपासून ॲनफिल्डपर्यंत, मधल्या पार्कातून, रांग लावली. पुढच्याच महिन्यात वेम्बलीला कप फायनल झाली ती याच दोन टीममध्ये. लिव्हरपूलने ती ३-२ अशी जिंकली, एक्स्ट्रा टाइममध्ये. कुणी कुणाला सोडलं नाही. स्कार्फ बांधणारे आणि मॅचमध्ये घसा फोडून ओरडणारे लोक तेच होते. तुमच्या खाडीवरही लग्नं अशीच झाली आहेत, तुझ्यासारख्या किती जणी इकडून तिकडे आणि तिकडून इकडे गेल्या असतील. या मॅचला एवढी धार आहे ती त्यामुळेच. लांबच्या, अनोळखी गावाकडून हरल्यावर कुणी वर्षभर अबोला धरत नाही.

दादाच्या त्या शिष्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे, तुला आवडेल की नाही माहीत नाही. मॅचचे पैसे घेऊन दुसऱ्या गावासाठी खेळणं आपल्या पट्ट्यात नवं नाही. त्या मुलाच्या घरची परिस्थिती आपल्याला ठाऊक नाही. बूट, प्रवास, औषधं याला पैसे लागतात, आणि पाय चालतात तेवढीच वर्षं ते मिळतात. राग धरायचा तर तो मंडळांनी आपसात पाहुण्या खेळाडूंची मर्यादा ठरवली नाही याचा धरावा. पुढच्या वर्षासाठी दोन्ही मंडळांनी लिहून ठेवावं, बाहेरचे किती आणि किती दिवस आधी कळवायचे. मुलावर राग काढू नये. डेनिस लॉ मँचेस्टर युनायटेडकडे ११ वर्षं होता, तिथे देव मानत त्याला. १९७४ च्या एप्रिलमध्ये तो मँचेस्टर सिटीच्या जर्सीत युनायटेडच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर आला आणि शेवटच्या मिनिटांत टाचेने बॉल ढकलून युनायटेडवर गोल केला. त्याने हात वर केला नाही, मान खाली घालून चालत राहिला. युनायटेड त्या मोसमात खालच्या डिव्हिजनमध्ये गेलं. दुसरीकडच्या निकालांमुळे ते तसंही गेलंच असतं, पण त्या माणसाचा चेहरा आठवला की आजही समजतं, जुन्या घरावर गोल करणाऱ्याच्या पोटात काय होतं. तुझ्या दादाचा शिष्यही त्या दिवशी सुखात नसेल. दादाने वॉर्मअपच्या वेळी त्याच्याजवळ जाऊन पाठीवर थाप मारली तर त्या मुलाचं ओझं उतरेल आणि बघणाऱ्या दोन्ही गावांना कसं वागायचं ते न सांगता कळेल. हे दादाला तू सुचवू शकतेस. तुझं तो ऐकेल.

सासऱ्यांचं मात्र मनावर घे. २००६ चा वर्ल्ड कप जर्मनीत झाला तेव्हा म्युनिक आणि आसपासच्या भागात डॉक्टरांनी नोंदी ठेवल्या. जर्मनीची मॅच असलेल्या दिवशी हृदयविकाराचे तातडीचे प्रसंग एरवीच्या अडीच पटींहून अधिक झाले, आधीपासून हृदयाचा आजार असलेल्यांत तर सुमारे चौपट. सगळ्यांत जास्त ते मॅच सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या दोन तासांत झाले. म्हणून रविवारच्या आत त्यांना डॉक्टरांना दाखवून, मॅच बघू का, असं सरळ विचारा. त्यांना घरी बसवा असं मी म्हणणार नाही. घरात कोंडून आवाज ऐकत बसण्याचा ताण काही कमी नसतो. पण त्या दिवशीच्या गोळ्या वेळेवर जायला हव्यात, मॅच बघायची म्हणून दुपारी एक घोट घेतला असं होता कामा नये, आणि खुर्ची लाइनीवर न टाकता रस्त्याच्या बाजूला, सावलीत टाका, म्हणजे गाडी थेट जवळ येईल. शेजारी असा कुणी बसवा ज्याला निकालाचं फारसं पडलेलं नाही, गावात एक-दोन जण असतातच. छातीत दाब, दरदरून घाम, हातात किंवा जबड्यात कळ, धाप, यातलं काहीही झालं तर "हाफ टाइमपर्यंत बघू" असं म्हणायचं नाही. लगेच १०८ ला फोन. महाराष्ट्रात आणि गोव्यात दोन्हीकडे हाच नंबर चालतो. ती माहिती मिस्टरांनी माइकवरूनही सांगावी, मळ्यात असे सासरे एकटे तुझेच नसणार.

गर्दीबद्दल तू एका ओळीत लिहिलंस, "लाइनीवर मारामारी झाली." मला ती ओळ टोचली. १९८० च्या १६ ऑगस्टला कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांची मॅच होती. मैदानातली झटापट गॅलरीत पोचली आणि चेंगराचेंगरीत १६ जण गेले. मॅच बघायला घरून निघालेली माणसं होती ती. त्यांच्या आठवणीसाठी कलकत्त्यात त्या तारखेला रक्तदान होतं. तुमच्या मळ्यात तेवढी गर्दी नाही, पण तुमच्याकडे गॅलरीही नाही, प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यात चुन्याची एक रेघ आहे. म्हणून रेघेपासून दोन-तीन मीटर बाहेर बांबू ठोकून चारी बाजूंनी दोर बांधायलाच हवा. रेफरी दोन्ही गावांबाहेरचा आणि नोंदणीकृत हवा, गोवा फुटबॉल असोसिएशनकडे किंवा तुमच्या जिल्ह्याच्या संघटनेकडे विचारलं तर मिळेल. मागच्या वर्षीची पेनल्टी खरी की खोटी यावर तुमच्याकडे वर्षभर वाद झाला असेल. ओळखीचा रेफरी असला की तो वाद त्याच्या आडनावापर्यंत जातो, परका असला की फार तर त्याच्या चष्म्यापर्यंत.

वेळही बघा. थंडीच्या दिवसांत आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. पूर्ण ९० मिनिटांची मॅच साडेचारला सुरू केली तर ती संपेपर्यंतच अंधारून येईल. बरोबरी झाली, एक्स्ट्रा टाइम आणि पेनल्टी आल्या, तर काळोखातच. साडेतीनला सुरू करा, ऊन थोडं लागेल ते लागू दे. मला खरी काळजी मॅचपेक्षा त्यानंतरच्या अर्ध्या तासाची आहे, होडीच्या धक्क्यावरची. तिथे हरलेले, जिंकलेले, प्यालेले सगळे एका अरुंद जागी उभे राहतात आणि खाली पाणी असतं. पाहुण्यांच्या होड्या आधी सुटू द्या, गावातली पोरं तोवर मळ्यात थांबवा, बक्षीस समारंभ त्यासाठीच असतो. धक्क्यावर दोन्ही मंडळांची दोन-दोन जाणती माणसं उभी करा. दादा आणि मिस्टर यांना एकत्र करायला हे काम सगळ्यांत उत्तम.

दिराची पैज तुझ्या अंगावर घेऊ नकोस. घरखर्चाचे किंवा होडीच्या इंजिनाचे पैसे त्यात असतील तर त्याच्या भावाने विचारावं. एवढं मात्र खरं की रेफरीला पहिली शिवी पैसे लावलेल्या माणसाची जाते. त्याला लाइनीपासून लांब बसवा.

तुमच्या स्ट्रायकरच्या घोट्याबद्दल दोन शब्द. मिस्टर मंडळात आहेत म्हणून सांगते. सूज असताना सुई टोचून, पट्टी आवळून त्याला उतरवायची भाषा कुणी केली तर त्यांनी तिथेच नाही म्हणावं. ही मॅच पुढच्या वर्षीही आहे. अर्धवट बरा झालेला घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो आणि पोरगं विशी-पंचविशीत खेळातून बाहेर जातं, असे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत.

आता आपण जरा फुटबॉलचं बोलू, कारण तुझ्या पत्रात काळजी पानभर आहे आणि आशा फक्त अर्ध्या ओळीत. "मला अजून तीच टीम जिंकावीशी वाटते," असं तू जवळजवळ माफी मागत लिहिलंस. का बरं? १९९७ च्या जुलैत कलकत्त्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर फेडरेशन कपच्या सेमीफायनलला सव्वा लाखाहून जास्त लोक जमले होते. मोहन बागान कोच अमल दत्त यांच्या 'डायमंड' नावाच्या खेळाडूंच्या मांडणीने सगळ्यांना चिरडत आलं होतं. समोर ईस्ट बंगालचे कोच पी. के. बॅनर्जी. सगळं बोलणं मोहन बागानच्या बाजूने चाललेलं. मॅच ईस्ट बंगालने ४-१ जिंकली, भायचुंग भूतियाने तीन गोल केले. त्या शहरात जिंकल्यावर ताटातला मासाही ठरलेला, ईस्ट बंगालच्या घरी हिलसा आणि मोहन बागानच्या घरी कोळंबी. आपल्याला ते समजावून सांगावं लागत नाही. सांगायचं ते हे, की दोन चांगली मुलं विकत आणली म्हणून शेजारची मॅच खिशात येत नाही. ती मुलं तुमच्या बाकीच्या नऊ जणांबरोबर किती दिवस खेळली आहेत? पास कुठे येणार हे एकमेकांच्या खांद्यावरून ओळखायला महिने लागतात. आणि त्यातल्या एकाचा जोर कुठल्या पायात आहे, तो आत कधी वळतो, दमला की काय करतो, हे तुझ्या दादाइतकं कुणाला माहीत आहे? त्याला लागलेलं बाजूला ठेवून दादाने तेवढं वापरलं तर ती भरतीच उलटी पडू शकते.

दुसऱ्या बाजूला मळा तुमचा, म्हणजे सासरचा. भाताची खुंटं कितीही साफ केली तरी तिथे टप्पा सरळ येत नाही, आणि कुठल्या कोपऱ्यात बॉल दबतो हे यजमान पोरांना पायांनी पाठ असतं. तू गोलात उभी राहिलेली आहेस, तुला सांगायला नको. अशा जमिनीवर जमिनीलगत आलेल्या शॉटला नुसते हात लावून चालत नाही, गुडघा आणि अंग मागे आणावं लागतं. माहेरच्या गोलकीपरला कुणी हे सांगितलंय का ते दादाला विचार. हे सासरशी द्रोह नाही, दोन्ही कीपरना सांग हवं तर.

आणि शेवटपर्यंत थांब. २४ एप्रिल २०२४ ला फातोर्ड्यात आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या सेमीफायनलमध्ये एफसी गोवा ९० व्या मिनिटापर्यंत मुंबई सिटीवर २-० ने पुढे होतं. लोक जिंकल्यासारखे उभे राहिले होते. त्यानंतरच्या काही मिनिटांत छांगटेने दोन आणि विक्रम प्रताप सिंगने एक असे तीन गोल केले आणि मुंबई ३-२ अशी जिंकून गेली. तू पेडण्याची, तुझ्या माहेरी त्या रात्री काय झालं असेल ते मी कल्पनेने जाणते. तेव्हा माहेर पुढे असलं तरी शिट्टी वाजेपर्यंत मिस्टरांकडे बघून हसू नकोस, आणि मागे असलं तरी उठून घरी जाऊ नकोस.

देवाला गाऱ्हाणं दोन्ही गावांत घातलं जाईल, दोन्ही राखणदारांना नारळ जातील. तुझा नारळ तू कुणाचं हाडबिड मोडू नये म्हणून ठेव. जिंकायचं पोरांवर सोड. रात्री नऊनंतर मंडळाचा आणि माहेरचा, दोन्ही व्हॉट्सॲप ग्रुप बंद करून झोप. घोटा बरा झाला, घोटा बिघडला, तिसरा खेळाडू आणला, रेफरी बदलला, या सगळ्या गजाली सकाळीही तशाच असतात.

मला विचारशील तर बरोबरी बराच वेळ टिकेल, पहिला गोल कॉर्नरवर होईल, आणि तुमच्या मंडळाचा स्ट्रायकर नसल्यामुळे माहेर थोडं पुढे आहे. मिस्टरांना हे सांगितलंस तरी माझी हरकत नाही. निकाल कळव. गोल कुणी, कितव्या मिनिटाला, कुठल्या पायाने, सगळं लिही. आणि दोघांत पहिला फोन कुणी केला, तेही.

तुझी,
ताई